नवा लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्लो होतोय? फॉर्मॅट मारण्याआधी हे वाचा



या वेळचा व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांच्या लक्षात आलं असेल, की मी त्यात एक गोष्ट पटकन बोलून पुढे गेलो. "माझ्या सांगण्यावरून एका ताईंचं नुकसान झालं," एवढंच म्हणालो. कॅमेऱ्यासमोर जास्त बोलायचा धीर झाला नाही. इथे लिहून सांगतो. ती चूक समजली की पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

आमच्या बॅचमधल्या या ताई घरगुती मसाले आणि पापड करतात आणि आजूबाजूच्या गावांतल्या वीस-बावीस किराणा दुकानांना माल देतात. धंदा सगळा उधारीवर. माल आज, पैसे पंधरवड्याने. वही सोडा आणि उधारी एक्सेलमध्ये ठेवा, हे बॅचमध्ये मीच सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं. हप्त्यावर नवा लॅपटॉप घेतला आणि दोन महिने एक दिवस न चुकवता रोज रात्री नोंदी केल्या.

मग एक दिवस त्यांचा फोन आला. "सर, नवा कोरा लॅपटॉप आहे, पण चार्जिंगला लावला की गोगलगाय होतोय. पिन काढली की बरा चालतो." शाळा सुरू व्हायचे दिवस, माझ्या दुकानात झेरॉक्सची रांग लागलेली. मी एका हाताने पानं लावत, फोन खांद्याला धरून म्हणालो, "व्हायरस असेल ताई. कुणाकडून तरी फॉर्मॅट मारून घ्या."

त्यांनी घेतला मारून. आठशे रुपये गेले. तीन दिवसांनी त्या लॅपटॉप घेऊन दुकानात आल्या. फॉर्मॅट करूनही तो चार्जिंगला लावला की तस्साच. मी माझ्या काउंटरवरचा चार्जर लावला, तर लॅपटॉप व्यवस्थित पळायला लागला. म्हटलं, तुमचा चार्जर दाखवा. त्यांनी पिशवीतून मोबाईलचा चार्जर काढला. लॅपटॉपसोबत आलेला चार्जर मुलगा पुण्याला हॉस्टेलवर घेऊन गेला होता, कारण त्याचा जळला होता. "यालाही तीच पिन बसते ना सर, आणि बॅटरीचं चिन्हही येतं."

उधारीची फाइल मात्र गेली होती. डेस्कटॉपवर होती, बॅकअप नव्हता. बॅकअप ठेवा हे बॅचमध्ये सांगायचं मीच राहून गेलो होतो. मग दोन संध्याकाळी आम्ही बसून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ऑर्डरी, दुकानदारांच्या चिठ्ठ्या, ताईंची आठवण असं सगळं जोडत उधारी परत मांडली. बहुतेक दुकानदारांनी प्रामाणिकपणे आकडे सांगितले. अकरा हजारांच्या आसपासचा हिशोब शेवटपर्यंत जुळला नाही. ताई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता त्यांचं फोनवरचं वाक्य परत वाचा. "चार्जिंगला लावला की स्लो, पिन काढली की बरा." रोगाचं निदान त्या एका वाक्यातच होतं. व्हायरस असता तर त्याने पिन आत आहे की बाहेर हे बघून त्रास दिला नसता. मला तेव्हा एकच प्रश्न विचारायचा होता: चार्जर कोणता लावताय?

तर सुरुवात तिथूनच करू.

आधी नेमकं काय होतंय ते बघा

लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन की एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा आणि सीपीयूवर क्लिक करा. तिथे दोन आकडे बघायचे. एक टक्क्यांचा, म्हणजे प्रोसेसर किती कामात आहे. दुसरा स्पीडचा, तो गिगाहर्ट्झमध्ये असतो. शेजारी बेस स्पीडही लिहिलेला असतो, तोही बघून ठेवा.

आता एखादं जड काम चालू करा. मोठी एक्सेल फाइल उघडा, ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडा, एखादा व्हिडिओ लावा. हे मुद्दाम सांगतोय, कारण रिकामा बसलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. तो वीज वाचवतोय, आजारी नाही. काम चालू असताना चार्जर काढा, स्पीड बघा. मग चार्जर लावा, परत बघा. मोबाईलवर दोन्हीचे फोटो काढून ठेवा. हे फोटो पुढे उपयोगी पडतील.

चार्जर लावल्या लावल्या स्पीड धाडकन पडून एक गिगाहर्ट्झच्या खाली अडकून बसला, तर संशय चार्जरवर घ्यायचा. स्पीड चांगला आहे पण सीपीयू किंवा डिस्क सारखी नव्वद-शंभर टक्क्यांवर आहे, तर आत काहीतरी काम चालू आहे. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं छान चाललं आणि मग पंखा घोंघावायला लागून वेग उतरला, तर ती गरमी. आणि सगळे आकडे ठीक असूनही माउसचा बाण उड्या मारतोय, क्लिक भलतीकडेच लागतंय, तर तो लॅपटॉपचा दोषच नसेल. त्याबद्दल शेवटी बोलतो, कारण आपल्याकडच्या दुकानांत तोच प्रकार जास्त बघितलाय मी.

चार्जर: पिन बसते म्हणजे चालतंच असं नाही

चार्जरवर बारीक अक्षरात आउटपुट लिहिलेलं असतं. व्होल्ट आणि अँपियर असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार केला की वॅट निघतात. उदाहरणार्थ २० व्होल्ट आणि ३.२५ अँपियर म्हणजे ६५ वॅट. २० व्होल्ट आणि २.२५ अँपियर म्हणजे ४५ वॅट. ऑफिसच्या कामाचे बरेचसे लॅपटॉप ४५ किंवा ६५ वॅटवर चालतात. तुमच्या लॅपटॉपला किती लागतात ते त्याच्या पोटाखालच्या लेबलवर किंवा खोक्यावर छापलेलं असतं. मोबाईलचा चार्जर १८, २०, ३३ वॅट असा काहीतरी असतो.

कमी वॅटचा चार्जर लावल्यावर लॅपटॉप स्लो का होतो, हे धंद्याच्या भाषेत सांगतो. चार्जर म्हणजे रोजचा गल्ला समजा. त्या गल्ल्यातून दुकानाचा खर्चही भागवायचा आहे आणि भिशीचा हप्ताही भरायचा आहे. खर्च म्हणजे प्रोसेसर, स्क्रीन, पंखा यांना लागणारी वीज. भिशी म्हणजे बॅटरी भरणं. गल्ला ६५ चा असेल तर दोन्ही आरामात होतं. गल्ला २० चा असेल तर? काही मॉडेल बॅटरीतली साठवलेली वीज मोडून वेळ मारून नेतात, म्हणून चार्जिंगला लावूनही टक्के उतरत जातात. काही मॉडेल उलटं करतात. खर्चालाच कात्री लावतात, म्हणजे प्रोसेसरचा वेग खाली आणतात. तोच लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर बरा चालतो, कारण भरलेली बॅटरी त्याला हवी तेवढी वीज एका दमात देऊ शकते. पिन लावली की तो त्या लहान चार्जरच्या मर्यादेत राहायला बघतो. ताईंच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं.

मोबाईलच्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॅट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं बघून फसू नका. बऱ्याच मोबाईल कंपन्यांचा तो वेगवान प्रकार त्यांच्याच फोनशी जुळतो. लॅपटॉपला लावला की तोच चार्जर फार कमी वीज देतो, किंवा देतच नाही. लॅपटॉपसाठी टाइप-सीचा चार्जर घेताना त्यावर पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, लिहिलंय का बघा आणि आउटपुटमध्ये २० व्होल्टची ओळ आहे का ते शोधा. ती ओळ नसेल तर बहुतेक लॅपटॉपांच्या कामाचा नाही.

केबलही बघा. साधी टाइप-सी केबल ३ अँपियरपर्यंतच चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट. त्यापुढे जायचं तर ५ अँपियरची केबल लागते, तिच्यात ओळख सांगणारी छोटी चिप असते. मोठा चार्जर आणि फुटपाथवरची केबल ही जोडी म्हणजे मोठ्या टाकीला बारीक नळी. आणि लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्हींतून चार्जिंग होतंच असं नाही, कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

फ्लेक्स डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंगसाठी ज्यांनी वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला मोठा लॅपटॉप घेतलाय त्यांनी हे नीट ऐका. तुमचा चार्जर १५० वॅटचा किंवा त्याहून मोठा, वीटभर आकाराचा असतो. तो दुकानात ठेवून घरी टाइप-सीचा ६५ वॅटचा लावला तर लॅपटॉप चालू राहील, पण एडिटिंग रखडत चालेल. त्यात बिघाड काही नाही. ई-मेल, बिलं एवढ्यापुरता तो लहान चार्जर ठीक आहे.

आता गोल पिनेचे चार्जर. डेल आणि एचपीच्या बऱ्याच चार्जरांत गोल तोंडाच्या मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते. ती वीज देण्यासाठी नसते. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉपला तिच्यावरून कळतं. ही पिन वाकली, तुटली किंवा डुप्लिकेट चार्जरमध्ये नीट नसली की लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाही. मग तो सुरू होताना चार्जर ओळखता येत नाही असा संदेश दाखवतो, बॅटरी भरत नाही आणि वेग एकदम खाली ठेवतो. पुष्कळ जण तो संदेश एंटर दाबून घालवतात आणि विसरून जातात. तुम्ही तसं केलंय का, आठवून बघा. विंडोजही कधी कधी स्लो चार्जर जोडलाय असं सांगतं. तेही आपण खालच्या कोपऱ्यात फुली मारून बंद करतो.

चार्जर घेताना बीआयएसची खूण आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर नावाचं सरकारी अ‍ॅप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. दुकानदारासमोरच टाका. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पाचशे रुपयांचा चार्जर घेतला होता, लेबलवर ६५ वॅट. उचलल्यावर पेन्सिल बॉक्सएवढं वजन. चार महिन्यांत त्याचा वास यायला लागला. शेवटी कंपनीचा घेतलाच. म्हणजे एका चार्जरचे पैसे दोनदा गेले.

आणि हो, तुम्ही जीएसटीच्या नियमित योजनेत असाल तर लॅपटॉप असो की चार्जर, बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या. १८ टक्के कर भरताय, त्याचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनवाल्यांना मिळत नाही. विषयाबाहेरचं आहे, पण बॅचमधले निम्मे लोक हे विसरतात म्हणून लिहिलं.

चार्जर कंपनीचाच आहे, तरीही?

मग टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसेसवर जा. सीपीयूच्या नावावर क्लिक केलं की जास्त खाणारं वर येतं. डिस्कवरही तसंच करून बघा.

नव्या लॅपटॉपचा पहिला आठवडा म्हणजे नव्या घरातला पहिला आठवडा. सामान लावायचं असतं. विंडोजचे अपडेट उतरत असतात, ड्रायव्हर बदलत असतात, सगळ्या फाइलींची शोधयादी तयार होत असते, अँटिव्हायरसची तपासणी चालू असते, वनड्राइव्ह तुमचे फोटो वर चढवत असतो. यातली बरीच कामं विंडोज मुद्दाम चार्जर लागण्याची वाट बघत ठेवतं, बॅटरी उगाच संपू नये म्हणून. विंडोजमध्ये अशी आपोआप चालणारी कामं ठरवून ठेवण्याची जी सोय आहे, तिच्यात "वीज जोडलेली असेल तरच सुरू कर" ही अट आधीपासूनच टिक केलेली असते. म्हणून तुम्ही पिन लावता आणि लॅपटॉप जड होतो. पिन काढता, कामं थांबतात, लॅपटॉप हलका होतो. दिसायला हुबेहूब चार्जरचा दोष, पण हा दोष नव्हे.

यावर औषध म्हणजे एक रात्र. दुकान बंद केल्यावर लॅपटॉप घरी न्या, चार्जिंगला लावा, वाय-फाय जोडा, आणि झाकण न मिटता ठेवा. झाकण मिटलं की तो झोपतो आणि कामं तशीच राहतात. सेटिंगमध्ये जाऊन स्लीपची वेळ त्या रात्रीपुरती 'नेव्हर' करा. सकाळी रिस्टार्ट करा, परत अपडेट तपासा, परत रिस्टार्ट. दोन-तीन रात्रींत हे संपायला हवं. आठवड्यानंतरही तेच चालू असेल तर कोणता प्रोग्रॅम खातोय त्याचं नाव लिहून घ्या. बऱ्याचदा विकत घेतानाच आत भरून आलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस निघतो. तो आणि विंडोजचा स्वतःचा असे दोन राखणदार कशाला? एक काढून टाका.

गिऱ्हाईक समोर उभं असताना अपडेटचा गोल फिरत बसू नये, म्हणून सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या आत अ‍ॅक्टिव्ह अवर्स म्हणून जागा आहे. तिथे दुकानाची वेळ टाकून ठेवा. त्या वेळेत तो आपणहून रिस्टार्ट होणार नाही.

सेटिंगमध्ये आहातच तर सिस्टीम, मग पॉवर अँड बॅटरी, तिथे पॉवर मोड बघा. बेस्ट पॉवर एफिशियन्सीवर असेल तर बॅलन्स्डवर आणा. काही लॅपटॉपांत चार्जिंगवर असतानाचा मोड वेगळा निवडता येतो, तो चुकून कमी राहिलेला असतो. कंपनीचं स्वतःचं अ‍ॅपही असतं, लेनोव्होचं व्हँटेज, असुसचं मायअसुस वगैरे. त्यात शांत मोड चालू असेल तर पंखा हळू फिरतो आणि प्रोसेसरही हळू. आवाज नको म्हणून कुणीतरी चालू केलेला असतो. घरात शाळकरी पोरं असतील तर विचारायची गरज नाही, त्यांनीच केलाय.

गरमी

चार्ज होताना बॅटरी तापते, चार्जिंगचं सर्किट तापतं, आणि वर तुम्ही काम करताय म्हणून प्रोसेसरही तापतो. तिन्ही उष्णता एकाच डब्यात. प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या घरात गेला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. हे त्याचं शहाणपण आहे.

बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरण्यासाठी आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहितात. आता मे महिन्यात अकोल्यात किंवा सोलापुरात पत्र्याच्या गाळ्यात बसून बघा. लॅपटॉपने काय करावं बिचाऱ्याने? त्यात आपण तो कापडाच्या गठ्ठ्यावर, गादीवर नाहीतर थेट हिशोबाच्या वह्यांवर ठेवतो. खालची हवेची जाळी बंद. लॅपटॉपच्या मागच्या बाजूला दोन पुस्तकं किंवा लाकडी पट्टी लावून तो बोटभर उचला आणि फरक बघा, खर्च शून्य. पिठाची गिरणी, मसाला कांडप, लाकूडकाम अशा धंद्यांत जाळीत पीठ आणि भुसा अडकतो. नवा लॅपटॉपही सहा महिन्यांत भरतो. दुपारी कडक उन्हाच्या वेळी जलद चार्जिंगचा पर्याय अ‍ॅपमधून बंद ठेवा, आणि शक्य असेल तर सकाळीच चार्ज करून घ्या. दिवसभर पिन लावूनच काम असेल तर बॅटरी ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायचा पर्यायही त्याच अ‍ॅपमध्ये बहुतेकदा असतो. त्याने बॅटरीचं आयुष्य वाढतं आणि ती तापतेही कमी.

बाण उड्या मारतोय? भिंतीकडे बघा

बॅचमध्ये एक सलूनवाले दादा होते. म्हणाले, लॅपटॉप चार्जिंगला लावला की हँग होतो. मी बघायला गेलो तर हँग वगैरे काही नव्हता. टचपॅडवर बोट फिरवलं की बाण थरथरायचा, मध्येच थांबायचा, भलतंच उघडायचं. आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून मनगट फिरवलं की बारीक मुंग्या आल्यासारखं व्हायचं. "ते होय, ते तर सगळ्याच मशीनला येतं आमच्याकडे," दादा म्हणाले. मला घाम फुटला. त्यांच्याकडे पाण्याचा गिझर होता, ड्रायर होते, ओल्या हाताने काम करणारी दोन पोरं होती.

दुकानात अर्थिंगच नव्हतं. तीन पिनांचा सॉकेट होता, पण वरच्या मोठ्या भोकात वायर जोडलेलीच नव्हती. लॅपटॉपच्या चार्जरमधून अगदी थोडा गळतीचा प्रवाह येतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. वाट नसली की तो लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर राहतो. टचपॅड तुमच्या बोटाचा विजेचा बारीकसा बदल ओळखून चालतो, त्यामुळे तो गोंधळतो. लॅपटॉपमधून येणाऱ्या मुंग्या सहसा जीवघेण्या नसतात. पण त्यांनी सांगितलेली बातमी गंभीर असते, की गिझरची किंवा फ्रिजची वायर उद्या आतून उघडी पडली तर तो करंट जायलाही वाट नाही.

हे तपासायला सोपं आहे. चार्जर काढून टचपॅड वापरा, नीट चालला तर तोच लॅपटॉप तोच चार्जर शेजारच्या पक्क्या अर्थिंगच्या सॉकेटवर लावून बघा. तिथेही नीट चालला तर दोष तुमच्या वायरिंगचा. परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि आरसीसीबी बसवलेला नसेल तर तो बसवून घ्या. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावून वापरत असाल तर तो आजच काढा. दादांचं काम चार दिवसांत झालं. गाळामालक आधी खर्च द्यायला तयार नव्हता, मग निम्मा निम्मा केला.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली तर

आधी एक शेवटचा उपाय करून बघा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर आणि जोडलेलं सगळं काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग फक्त कंपनीचा चार्जर लावून चालू करा. चार्जिंग सांभाळणारी आतली यंत्रणा कधी कधी एखाद्या चुकीच्या स्थितीत अडकते, ती याने मोकळी होते. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बायोसचा अपडेट आला असेल तर तोही घ्या. तो चालू असताना चार्जर काढायचा नाही आणि लॅपटॉप बंद करायचा नाही, कितीही वेळ लागला तरी.

याने फरक पडला नाही तर वॉरंटी आहे, ती वापरा. कोपऱ्यावरच्या कुणालाही उघडायला देऊ नका. ऑनलाइन घेतला असेल तर बदलून मिळण्याची मुदत बिलाच्या पानावर बघा, ती फार थोड्या दिवसांची असते, म्हणून ही सगळी तपासणी पहिल्याच आठवड्यात करा.

तक्रार करताना "लॅपटॉप स्लो आहे" एवढंच सांगू नका. स्लोवर त्यांचं ठरलेलं उत्तर असतं, फॉर्मॅट. असं सांगा: "कंपनीच्याच ६५ वॅटच्या चार्जरवर, तेच काम चालू असताना, बॅटरीवर स्पीड इतका आणि चार्जर लावल्यावर इतका. दुसऱ्या सॉकेटवर आणि दुसऱ्या खोलीतही तेच. हे फोटो." आकडे दाखवले की बोलणं वेगळ्याच दिशेने जातं. लेखी तक्रार क्रमांक घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणि लॅपटॉप हातातून देण्याआधी, कुणालाही, अगदी भाच्यालाही, उधारीची आणि बिलांची फाइल बाहेर काढा. पेन ड्राइव्हवर एक आणि गुगल ड्राइव्हवर एक. गुगल १५ जीबी जागा फुकट देतं, आपल्या एक्सेलला ती आयुष्यभर पुरेल. पेन ड्राइव्हवरची फाइल दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर उघडून बघा, उघडली तरच बॅकअप झाला असं धरा.

ताईंनी आता चार्जरवर पांढऱ्या पट्टीने स्वतःचं नाव चिकटवलंय. मुलाला वेगळा घेऊन दिलाय, त्याच्याच खाऊच्या पैशांतून कापून. दर शनिवारी रात्री त्या मला उधारीची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. मी उघडून बघतो आणि "आली" एवढं लिहितो.